फाट्यावर वर गेलेला हात

अण्णा, मी गाडी घेतली. घेऊन चार वर्षं झाली आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा सांगायच्या गोष्टी तशा पुष्कळ साठल्यात. पण ही मी टाळत होते. डिझेलची आहे, बुटकी, लाल, सहा गियरची, सीटला लाल दोऱ्याची शिवण. तुम्ही असता तर आधी बॉनेट उघडायला लावलं असतं, मग वाकून ती जमिनीपासून किती वर आहे ते वितीनं मोजलं असतं आणि म्हणाला असता, "हिला रस्ता लागंल माय. आपल्याकडं कुठाय रस्ता?" खरंच आहे. गावागावातले गतिरोधक मला तिरकी घालून पार करावे लागतात, तरी कधी पोट घासतंच. खड्डा आला तर तो माझ्या कमरेला आधी कळतो आणि डोळ्यांना नंतर. तुमचे जावई म्हणाले होते, "उंच गाडी घे, सगळ्यांना बरी." मी सगळ्यांना सांगितलं की रोज बीडहून माजलगावला कॉलेजात शिकवायला जायचं आणि परत यायचं, एवढ्या अंतराला हीच परवडते, मायलेज चांगलं आहे.

मायलेज चांगलं आहे हे खोटं नाही. पण मी ती मायलेजसाठी घेतली हे खोटं आहे. दुकानातल्या माणसानं मला एक फेरी मारायला दिली. तिसऱ्या गियरमध्ये सुई दोन हजाराच्या पुढे गेली आणि पाठीमागून कुणीतरी तळहातानं हळूच ढकलावं तशी गाडी पुढं निघाली. तेवढ्यासाठी घेतली. पंचेचाळिशीला आलेल्या, वर्गात पोरांना घर्षण शिकवणाऱ्या बाईनं एवढ्यासाठी गाडी घ्यावी का, हा प्रश्न मी वहीत अनेकदा लिहिलाय. उत्तर लिहिलेलं नाही. मात्र एक तुमचं मी पाळते. पोचल्यावर लगेच बंद करत नाही. "पळून आलीय ती, मिनिटभर श्वास घेऊ दे," असं तुम्ही जीपला म्हणायचात. कॉलेजच्या आवारात मी तशीच मिनिटभर बसून राहते आणि आमचे शिपाई मामा रोज विचारतात, "काय मॅडम, गाडीला प्रार्थना म्हणाय लावलीय का?"

गाडी मला तुम्ही शिकवली नाहीत. पण एका अर्थानं तुम्हीच शिकवलीत. संध्याकाळ आहे, धरणाच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरच्या पायरीवर तुम्ही बनियनवर बसलाय, मी शेजारी. पलीकडच्या चढावर एक मालट्रक चढतोय. तुम्ही म्हणता, "डोळे मीट. कितवा गियर हाय?" मी म्हणते, तिसरा. "आन् आता?" अजून तिसराच. "इंजन रडायलंय का न्हाई? कावून रडायलंय सांग." मी म्हणते, दुसरा टाकला नाही म्हणून. आणि तेवढ्यात चढावरचा तो कुणी अनोळखी ड्रायव्हर खरंच दुसरा टाकतो, आवाज मोकळा होतो, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारता. त्या आनंदाची चव मला अजून आठवते. पुढं वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलला गेले तेव्हा शिकवणारा पोरगा दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, गियर कधी टाकायचा हे तुम्हाला आधीच कुणी शिकवलंय." मी म्हटलं, हो.

पण तुमच्या जीपमध्ये मी एकदाही बसले नाही. ती पाटबंधारे खात्याची, साहेबांसाठी. रविवारी कालव्याच्या कडेला तुम्ही ती धुवायचात, तेव्हा मला फडकं द्यायचात. दार पुसून झालं की मी हळूच एक पाय आत टाकायची. "पुसायचं. बसायचं न्हाई." मी विचारायची, कावून? "आपली न्हाई म्हणून." एवढंच. त्यात राग नसायचा. नळाला पाणी सकाळी येतं, हे सांगावं तसं सांगायचात.

आता त्या दिवसाचं लिहिते. त्यासाठीच वही उघडली.

बारावीचा निकाल लागला होता. बीडच्या कॉलेजात प्रवेशासाठी मी आणि आई निघालो होतो. एसटी हुकली. फाट्यावर आम्ही उभ्या, शेजारी कॉलनीतल्या दोघी बायका. कॉलेजात जायचं म्हणून आई ठेवणीतली हिरवी साडी नेसलीय आणि तिनं पिशवीत माझी कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेतलीत. लांबून जीप आली. मी आवाजावरून ओळखली, आईनं धुळीवरून. आईचा हात वर गेला. ती थांबणार नाही हे मला मात्र तिच्या आधी कळलं होतं, कारण चौथ्याचा तिसरा झाला नाही. थांबणारी गाडी आधी तसं बोलते, हे तुम्हीच शिकवलं होतं. मी आईला म्हणू शकले असते, हात खाली घे. नाही म्हटलं. साहेब तुमच्या शेजारी बसले होते, तुम्ही समोर बघत होतात, आणि जीप आमच्या पुढ्यातून तशीच निघून गेली.

आईचा वर गेलेला हात मधेच वळला आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. शेजारची म्हणाली, "तुमचे मालकच व्हते की वो! थांबले न्हाईत?" आई म्हणाली, "सायबाला टायमावर पोचवायचं असतं. आन् मी कुठं हात केला? पदर सारखा केला." दुसरी तोंडाला पदर लावून हसली. मी जीपकडं बघत राहिले. मागची ताडपत्री वर गुंडाळलेली होती, त्यामुळं आतलं दिसत होतं. तुमचा डावा हात वर गेला आणि तुम्ही मधला आरसा फिरवला. फिरवून हात खाली घेतला नाहीत, आरशावरच ठेवलात. वळण येईपर्यंत तो हात तिथंच होता. आई तेव्हा पिशवीतली कागदं पुन्हा पुन्हा बघत होती. तो हात फक्त मी पाहिला.

संध्याकाळी आई भाकरी थापतेय. तव्याकडं बघतच तिनं विचारलं, "त्यांनी बघितलं तरी का गं आपल्याकडं?"

मी म्हटलं, "न्हाई."

तुम्ही न्हाणीपाशी पाय धुवत होतात. पाण्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. जेवताना तुम्ही म्हणालात, "जीप आपली न्हाई." आई म्हणाली, "मी कुठं म्हनलं आपली हाय? एकदा बघितलं असतं तर बास व्हतं." मी वाट बघितली की आता तुम्ही सांगाल. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि तो कालवणात बराच वेळ बुडवून ठेवलात. का सांगितलं नाहीत, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बघूनही न थांबणं हे न बघण्यापेक्षा वाईट, असं वाटलं असेल का? की पोरीला खोटं पाडायचं नव्हतं? मी खोटं का बोलले ते मात्र मला माहीत आहे. मला तुमचा राग आला होता आणि तो पुरेसा मोठा करायला ते "न्हाई" लागत होतं.

राग चार दिवसांत गेला. "न्हाई" राहिलं. आईनं त्याची गोष्ट केली. पाहुण्यांत सांगायची, हसत सांगायची, "आमच्या मालकांना सरकारची इतकी भीती की बायकोकडं बघाय बी टाइम न्हाई!" तुम्हीही हसायचात. लोकही हसायचे. तुमच्या तेराव्याला आलेल्या बायकांनाही तिनं ती सांगितली, आणि त्या वेळी शेवटचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. मी तिथंच बसले होते, आणि गप्प राहिले.

हे सगळं आत्ता का, ते सांगते. गेल्या आठवड्यात माजलगावच्या अलीकडं मी दोन ट्रॉल्या लावलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागं बराच वेळ अडकले होते. गाणी जोरात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, पुढचं काही दिसत नव्हतं. शेवटी रस्ता मोकळा दिसला, तिसरा टाकला, आणि गाडीनं ती तिची ओढ घेतली. मी ट्रॅक्टर मागं टाकला. पुढं सरळ रिकामा रस्ता. आणि फाट्यावर आमचे शिपाई मामा उभे, हात वर केलेला. मी त्यांना ओळखलं. उशीर झाला नव्हता. शेजारची सीट रिकामी होती. गाडी माझी होती, कुणाची परवानगी लागणार नव्हती. पण थांबले असते तर तो ट्रॅक्टर परत पुढं गेला असता. अण्णा, फक्त एवढंच कारण. मी समोर बघितलं आणि गेले.

आणि माझा डावा हात वर गेला. मी ठरवून नेला नाही. या गाडीची मागची काच म्हणजे टपालपेटीची फट आहे, तरी मी आरसा फिरवला आणि त्या फटीत मामा दिसले. त्यांचा वर गेलेला हात मधेच वळला आणि त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

तेव्हा मला कळलं की तुम्ही काय पाहिलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही आम्हाला पाहिलंत, म्हणजे दोन बायका फाट्यावर उभ्या. तुम्ही तो पदर पाहिला होतात. आणि तो पाहून, पुढं बीडपर्यंत, शेजारी साहेब, तुम्ही गाडी चालवलीत. आणि घरी येऊन न्हाणीपाशी माझं "न्हाई" ऐकलंत.

मी पुढं जाऊन गाडी वळवली. परत येईपर्यंत मामा काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसून गेलेले. तो ट्रॅक्टर मला पुन्हा भेटला, त्याच्यामागं पुन्हा रांगले, आणि ते योग्यच झालं. कॉलेजात त्यांना गाठून म्हटलं, "मामा, मी तुम्हाला पाहिलं होतं."

"मला वाटलं, मॅडमचं ध्यान न्हाई."

"होतं. पाहिलं आणि थांबले नाही."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "मग?"

"मग माघारी आले. तुम्ही गेला होतात."

"आलतात ना माघारी? मग झालं की." मग हसले. "आता रोजच उभा राहतो फाट्यावर. बघू तुमची गाडी थांबती का पळती." खरोखरच उभे राहतात. पाय अवघडतात म्हणून गाडीला शिव्या घालतात, आणि ओढ सुरू झाली की वरचा दांडा धरून "लई जोरात हाय बुवा" म्हणतात. ते तक्रार करतात की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामांना सांगणं एका वाक्याचं काम होतं. आईला सांगायला मला पुढचे पाच दिवस लागले. ती आता माझ्याकडंच असते. रविवारी तिला नारायणगडाला नेलं. तिला ही गाडी आवडते, हे मात्र तुम्हाला आवडलं असतं. बसताना म्हणते, "गाडीत बसले का रस्त्यावर बसले?" आणि बसल्यावर पाचव्या मिनिटाला, "पळव की गं, म्हातारी झालीस का?" दर्शन झालं. परत येताना रस्ता रिकामा होता, ती खिडकीबाहेर बघत होती. मी चौथ्यात होते, वेग कमी ठेवून. म्हटलं, "आई, त्या दिवशी फाट्यावर अण्णांनी बघितलं होतं. आरसा फिरवून बघितलं. वळणापर्यंत बघत होते. मी तुला खोटं सांगितलं."

कोणता फाटा, कोणता दिवस, हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "मग मी पदर सारखा केलेला बी दिसला असंल त्यांना."

"दिसला असेल."

"बोलले न्हाईत कधी."

"मी न्हाई म्हटलेलं ऐकलं होतं त्यांनी, न्हाणीपाशी."

ती माझ्यावर रागावेल असं मला वाटलं होतं. खरं तर रागवावं असं वाटत होतं. तिनं हात वर केला, मधला आरसा स्वतःकडं फिरवला, आणि त्यात बघून सावकाश, दोन्ही हातांनी, डोक्यावरचा पदर सारखा केला. केसांची एक बट आत घातली. पुन्हा एकदा बघितलं. मग खिडकीकडं तोंड करून बसली आणि घर येईपर्यंत पळव म्हणाली नाही.

दारात मी इंजिन लगेच बंद केलं नाही. मिनिटभर आम्ही दोघी तशाच बसलो.

हे पान वहीतच राहील. तुम्ही वाचलं असतंत तर बाकी सगळं सोडून एकाच गोष्टीवर रागावला असता, आणि ती मला लपवायची नाही. आज बुधवार. तीन दिवस मी माजलगावला जाऊन येतेय, आणि मधला आरसा अजून शेजारच्या सीटकडंच वळलेला आहे. बाजूच्या दोन आरशांवर भागवते. मामांनी काल सरळ करायला हात नेला, तर मी म्हटलं, राहू द्या.