सातवी न शिकलेला मेंदू

मी, खाली अंगठा करणारी, शिंप्याची मुलगी आणि शिंप्याचीच बायको, धंदा हाताने काजं करणे, वय एक्याऐंशी, पूर्ण शुद्धीत, कुणी धाक न दाखवता आणि रागाच्या भरात नसताना हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. मास्तरीणबाई, ‘रागाच्या भरात नसताना’ खोडा. थोडी रागात आहे. खोट्यावर अंगठा नको.

लिहून घेणाऱ्या मास्तरीणबाई समोरच्या घरात राहतात. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना शहाणं केलं, पण स्वतःच्या स्वेटरची बटणं आजही एक घर चुकवून लावतात. मी बोलेन तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, अशी ताकीद त्यांना दिलेली आहे.

इतरांच्या मृत्युपत्रात ‘पूर्ण शुद्धीत’ एवढं म्हणून माणसं लगेच घरादाराकडे वळतात. मला तसं वळता येत नाही. माझ्या थोरल्या मुलाच्या कपाटात, निळ्या फायलीत, एक कागद आहे. माझी बुद्धी मध्यम प्रमाणात क्षीण झाली आहे, असं त्यावर मोठ्या दवाखान्याच्या शिक्क्यानिशी लिहिलं आहे. तो कागद पुढे आला तर हा कागद कोर्टात लंगडा पडेल, असं वकील म्हणाले. म्हणून आधी शुद्धीचं, मग घराचं.

कलम पहिलं: शुद्धीबद्दल

सहा वर्षांपूर्वी मी एका आठवड्यात दोनदा भाजीत दुबार मीठ घातलं. थोरला घाबरला. त्याच्या घाबरण्याला कारण होतं. माझी आई साठीनंतर विसरत गेली. आधी सुई कुठे ठेवली ते, मग सुई कशासाठी असते ते, मग मी कोण ते. थोरला नऊ वर्षांचा असताना तिने त्याला चोर समजून कात्री उगारली होती. तेव्हापासून घरात कुणाची चावी हरवली तरी याच्या कपाळाला घाम येतो.

तर तो मला दवाखान्यात घेऊन गेला. खिडकीवर फॉर्म भरला. शिक्षणाच्या रकान्याशी पेन अडलं.

“काय लिहितोस रे?” मी विचारलं.

“सातवी.”

“मी शाळेचं दारसुद्धा बघितलं नाही.”

“आई, हळू बोल. मागे रांग आहे.”

हा माझा मुलगा मीटर तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या मीटरचा एक आकडा चुकला तर नोटीस काढतो. त्याने आईच्या नावावर सात इयत्ता चढवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही गप्प बसले, हे कबूल करते. रांगेत मलाही लाजच वाटली.

आतल्या डॉक्टरने माझ्या हातात पेन्सिल दिली. “आजी, गोल घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.” आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल धरली होती. जे उमटलं ते चेपलेल्या बटाट्यासारखं होतं. मग म्हणाला, “क पासून सुरू होणारे शब्द सांगा, एका मिनिटात जमतील तेवढे.” मी म्हटलं, “हा क माझ्या ओळखीचा नाही.” त्याने काहीतरी लिहिलं. मग एक वाक्य लिहायला सांगितलं. मी कागद परत दिला. तीसपैकी अकरा गुण पडले. सातवी शिकलेल्या बाईला अकरा पडले तर ती बुद्धीने गेलीच म्हणायची. डॉक्टरचं काही चुकलं नाही. त्याला माप चुकीचं दिलं होतं, आणि चुकीच्या मापावर शिवलेला कोट कुणाच्याच अंगावर बसत नाही.

त्यानंतर वर्षभर घरात माझ्याशी सगळे मोठ्याने आणि सावकाश बोलायचे. कात्र्या उंच फळीवर गेल्या. मी स्टूल घेऊन त्या काढायचे, काजं करायचे आणि परत वर ठेवायचे.

कलम दुसरं: मेंदूच्या डॉक्टरीणबाई

ज्या घरात विसरण्याचा आजार चालत आला आहे अशी माणसं संशोधनाला हवीत, असं धाकटीने कुठेतरी वाचलं. धाकटी म्हणजे माझी मुलगी, खालचं दुकान चालवते. ती मला जुन्या कापड गिरणीच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाचं तिसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

“आजी, किती शिकलात?”

मी धाकटीकडे बघितलं. धाकटी म्हणाली, “खरं सांग.”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “आणि तुमचं बटण आज संध्याकाळपर्यंत पडणार.”

बाईंनी पुढे सरकवलेली पेन्सिल मागे घेतली. निळ्या फायलीतल्या कागदाची नक्कल पुन्हा वाचली. “मग हे घड्याळ तुम्हाला काढायला लावलं कुणी?”

मी कॉलरच्या आत टोचलेली सुई काढली, कारण ती तिथे कायम असते, आणि कापडाचा तुकडा मागितला. बारा टाके गोलात घातले, मधून दोन काटे ओढले, आखूड आणि लांब, अकरा वाजून दहा मिनिटं. घड्याळ मला चित्रासारखं वाचता येतं. चार वाजता गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर चारला कपडा तयार ठेवावा लागतो, त्याला शाळा लागत नाही. बाई कापडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला बटणं निवडायला दिली, गोष्ट सांगून अर्ध्या तासाने परत विचारली, घरापासून गिरणीपर्यंतची वळणं विचारली. मी वळणं सांगितली आणि कोणत्या वळणावरच्या इस्त्रीवाल्याने शर्टाची बाही जाळली होती तेही सांगितलं.

आता तिथे पेन्सिल न धरलेल्या माणसांसाठी वेगळी तपासणी आहे. चित्रं, वस्तू, ऐकलेल्या गोष्टी, आणि ज्याला हवं त्याला सुईदोरा. माझं शिवलेलं घड्याळ चौकटीत घालून भिंतीला लावलं आहे. त्या तपासणीने चौदा जणांचे जुने कागद बदलले; माझा मात्र निळ्या फायलीत तसाच आहे. चौदा घरांत कात्र्या खालच्या फळीवर आल्या. हे मी मुद्दाम लिहायला सांगत आहे. आपली पाठ आपण थोपटू नये म्हणतात, पण माझा हात अजून पाठीपर्यंत पोचतो, मग का नको?

कलम तिसरं: घर, दुकान आणि बाकीचं

दुकान आणि वरच्या दोन खोल्या धाकटीच्या. अट एकच, खिडकीजवळची माझी खुर्ची हलवायची नाही. तिथे दिवसभर उजेड असतो.

बँकेत जे असेल ते प्रयोगशाळेला, ज्यांना सोबत कुणी नाही अशांच्या जाण्यायेण्याच्या गाडीभाड्यासाठी.

काजाच्या सुया, बोटात घालायचं पितळी अंगुस्तान आणि मेणाची वडी मास्तरीणबाईंना देणार होते, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. असू दे. त्यांना बटण लावायला सुई नको, आरसा हवा. सुयाही धाकटीला.

कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याला, ज्याने माझी निम्मी गिऱ्हाइकं ‘मिनिटाला सहा काजं’ असा फलक लावून पळवली, माझ्या हातचं एक काज द्यावं. सोबत भिंग द्यावं. त्याने टाके मोजावेत आणि मग झोप लागली तर झोपावं.

थोरल्याला या मृत्युपत्राने काहीही नाही. त्याच्या बायकोलाही नाही. कारण पुढे येईल. सूनबाई, तोंड एवढंसं करू नकोस. आज सकाळी तुझ्या गळ्यात माझी साखळी कुणी घातली?

कलम चौथं: मेंदू

ही माझी खरी इस्टेट. नीट लिहा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्ताची तपासणी केली आणि मोठ्या नळीत झोपवून डोक्याचे फोटो काढले. मग मला समोर बसवलं. त्यांचं बटण तोवर मी लावून दिलं होतं.

“आजी, खरं सांगू?”

“खोटं ऐकून झालंय.”

“तुमच्या आईला जो आजार होता ना, त्यातलं चिकट प्रथिन तुमच्या मेंदूत साचलंय. भरपूर. असा फोटो असलेली बरीच माणसं घरचा रस्ता विसरतात.”

“मी विसरत नाही.”

“तेच तर! कधीकधी असं होतं. जळमटं घरभर, आणि घर मात्र व्यवस्थित चाललेलं. काही जण म्हणतात, शिक्षणामुळे मेंदूला बळ येतं. पण तुमचं तर...”

“शिक्षण शून्य. म्हणा ना, लाजू नका.”

त्या हसल्या. मी विचारलं, आता म्हणे जळमटं झाडणारी औषधं निघाली आहेत? त्या म्हणाल्या, निघाली आहेत, सलाईनसारखी शिरेतून देतात. आजाराच्या सुरुवातीलाच थोडा फरक पडतो, घसरण जरा हळू होते. कुणाकुणाच्या मेंदूला सूज येते, रक्त येतं, म्हणून सारखे फोटो काढत राहावं लागतं. आणि तुम्ही आजारी नाहीच, तुम्हाला देणार कशाला? आईच्या वेळी तेवढंही नव्हतं. आईच्या वेळी उंच फळी होती.

मग त्या म्हणाल्या, “झाडू सापडलाय, पण तो पुरत नाही. जळमटं असून घर चालतं कसं, हे कळलं तर औषधाचा दुसरा रस्ता सापडेल. ते फोटोत पूर्ण दिसत नाही. मेंदू प्रत्यक्ष बघावा लागतो.” आणि घाईने पुढे, “एकट्या तुमच्यावरून काही सिद्ध होणार नाही हं. असे खूप मेंदू लागतात.”

मी म्हटलं, “एका काजाने कोट बंद होत नाही, मला सांगता? पण एक काज चुकलं तर कोट वाकडा बसतो. माझं घ्या.”

म्हणून लिहून देते की, माझ्या मृत्यूनंतर माझा मेंदू सदर प्रयोगशाळेच्या मेंदूपेढीला द्यावा. फोन बारा तासांच्या आत गेला पाहिजे. नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. शाळेने ज्याला हात लावला नाही असा मेंदू डॉक्टर होणारी मुलं भिंगाखाली धरून शिकणार. मी शाळेत गेले नाही, शेवटी शाळाच माझ्यात येणार. याचा मला किती अभिमान आहे हे मास्तरीणबाईंना लिहिता येत नाही, त्या डोळे पुसत आहेत. पुसा, नाहीतर शाई पसरेल.

कलम पाचवं: थोरल्याचं

तो फोन घरातल्या मोठ्या माणसाने करायचा असतो. मोठा तो. आणि हे सगळं ऐकल्यावर तो याच खोलीत धाकटीला म्हणाला, “आईचं डोकं मी उघडू देणार नाही. आणि ती काय बोलते हे तिला कुठे कळतंय? कागद आहे माझ्याकडे.”

मी भिंतीपलीकडे होते. बहिरी झालेली नाही.

तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तो स्वतः आला आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

“आई, मेंदू बघून ते डॉक्टर म्हणाले की हे घराण्यातच आहे, तर?”

“तर?”

“तर मी पण.”

पंचावन्न वर्षांचा बाप्या. त्याच्या बाहीचं बटण सैल होतं, ते लावता लावता मी म्हटलं, “अरे वेड्या, असेलच घराण्यात, तर माझं न विसरणंही घराण्यातच आहे ना? आजीचं तेवढं तुझं, आणि माझं काय शेजाऱ्यांचं?”

त्याने लावलेलं बटण ओढून बघितलं. फायलीचं मात्र नाव काढलं नाही. तो कागद खोटा म्हणायचा तर ‘सातवी’ कुणी लिहिली ते सांगावं लागतं, आणि ते त्याच्या घशात सहा वर्षं अडकलं आहे. म्हणून थोरल्याला काही ठेवलेलं नाही. रागाने नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याची, किंवा जिला मिळतं तिच्या नवऱ्याची साक्ष नको. मग म्हटलं, ज्याला काहीच मिळणार नाही, त्याची तर चालेल? हसले आणि म्हणाले, “चालेल. आणि त्यानेच साक्ष दिली, तर मग आई शुद्धीत नव्हती असं त्याला कसं म्हणता येईल?”

त्याच्या वाट्याला मी ही एक सही ठेवते. त्याला आज बोलावलं आहे. तो येईल की नाही, आला तर सही करील की नाही, हे सांगताना मला माहीत नाही. जागा मोकळी ठेवा. त्याने केली नाही तर शेजारचा दुकानदार करील. पण मग फोन कोण करील, हे मला मेल्यावरही कळायचं नाही.

वरचा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मास्तरीणबाईंनी बटणांचं वाक्य गाळलं होतं, ते मी परत वाचायला लावलं. वकिलांच्या आग्रहाखातर डाव्या हाताचा अंगठा करत आहे. अंगठा कुणाचाही असू शकतो, म्हणून शेजारी माझी खरी सही करत आहे. कागदाला सुई पेलत नाही, म्हणून कापडाच्या तुकड्यावर एक काज घालून तो कोपऱ्याला चिकटवला आहे. असं काज या गावात दुसरं कुणी घालत नाही.

(डाव्या हाताचा अंगठा) (काज)

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकीजवळची खुर्ची.
तारीख चौदा, महिना तिसरा, शुक्रवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ भिंतीवर बघून आजींनी स्वतः सांगितली.

साक्षीदार पहिली: समोरच्या घरातली निवृत्त शिक्षिका. आजींनी सांगितलं तसंच लिहिलं. स्वेटर तपासला. एक बटण खरंच चुकलं होतं.

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा, मीटर तपासनीस. स्वतःच्या अक्षरात:
आईने माझ्यादेखत अंगठा केला आणि काज घातलं. ती पूर्ण शुद्धीत आहे. तिला अक्षर येत नाही, कधीच येत नव्हतं. सातवी मी लिहिली होती. निळी फाइल सोबत जोडत आहे. फोन मी करीन.