तोफेचा आवाज

प्रिय दादा,

तू इतकी गळ घातलीस म्हणून ती दरी पाहून आले. लढाया, देखणी ठिकाणं आणि कुठला कॉम्प्युटर घ्यावा, यावर तू दर रविवारी इंटरनेटवर मतं ठोकतोस, त्यात या दरीला तू पाचपैकी पाच तारे दिलेत. ‘निसर्ग आणि युद्धनीतीचा अपूर्व मिलाफ’ म्हणे! तुला राग येईल, पण मला तिथं थांबवेना.

दरी सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? धुकं चढलं की समोरचा डोंगर पुसला जातो आणि पुन्हा हळूच उभा राहतो. आमच्या ह्यांना खिडकीबाहेर बघायचा कंटाळा, पण तेसुद्धा काच खाली करून बघत राहिले. मग खाली नजर गेली. ज्या खंदकांत माणसं मेली, त्यांत रिकाम्या बाटल्या आणि उष्टे डबे. एक बाई मेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडाला रेलून फोटो काढून घेत होती आणि तिचा नवरा ओरडत होता, “अगं, जरा हस की!” मी तोंड फिरवलं.

पुढे एक काचेची खोली बांधलीय. तिथं खोटी तोफ धरायची आणि पडद्यावर डोंगर चढणारी माणसं उडवायची. जास्त मारली की आपलं नाव झळकतं. त्यावरही तुझा शेरा आहेच: ‘चित्रं झकास, आवाज मात्र मिळमिळीत.’ तू तिथं पाऊलही टाकलेलं नाहीस, दादा. खुर्चीत बसून कुणाचा तरी व्हिडिओ बघितलास आणि लिहिलंस.

आम्ही आत गेलो तेव्हा एक जाडजूड गृहस्थ यंत्र सांभाळणाऱ्यावर खेकसत होते, “ही तोफ आहे की फुसका फटाका? आवाज वाढव!” तो दाढी वाढलेला, हडकुळा माणूस मान खाली घालून म्हणाला, “स्पीकर बिघडलाय, साहेब.” आता कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला असं ऐकून गप्प बसवतंय का? वाकून यंत्रामागे बघितलं. स्पीकर ठणठणीत होता. त्याची वायर कुणीतरी उपटून, चिकटपट्टीनं गुंडाळून आत खोल कोंबली होती. मी ती ओढायला गेले, तर एक हात माझ्या हातावर आला. “आत्या, राहू दे ना.”

तुझा लेक, दादा.

त्या दाढीत मी त्याला ओळखलंच नव्हतं. लष्करातून सुट्टीवर आला आणि परत जाववेना म्हणाला, डॉक्टरांनी घरी बसवला, तेव्हा तू काय केलंस? ‘पळपुट्यांचा इतिहास’ असा लेख लिहिलास. नाव घातलं नाहीस, पण सगळ्या गोतावळ्याला कळलं. त्यालाही कळलं, आणि तो निघून गेला. तेव्हापासून वहिनी तुझ्यासमोर त्याचं नावसुद्धा काढू शकत नाही.

“कॉम्प्युटरचं काम आहे एवढंच सांगितलं होतं गं मला,” तो हळू आवाजात म्हणाला. “कसलं ते इथं आल्यावर कळलं. चित्रं चालतात मला. आवाज नाही चालत.”

तेवढ्यात त्या जाड्यानं मॅनेजरला बोलावून आणलं. मॅनेजरनं वायर हुडकली, जोडली, “हे घ्या साहेब,” म्हणत बटण दाबलं. काचा थरारल्या. आणि तुझा सहा फुटी मुलगा टेबलाखाली गेला. डोक्यावर हात घेऊन, गुडघ्यांत तोंड खुपसून. दादा, लोक हसले. एकानं तर मोबाइल काढला. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाचा हात पिरगाळला असेल. मी टेबलाखाली शिरले आणि त्याच्याजवळ बसून राहिले. त्या क्षणी त्या हसणाऱ्यांची किळस आली, मॅनेजरची आली, पण सगळ्यात जास्त कुणाची आली ते तुला सांगायला नको. ते निदान तिकीट काढून हसत होते. तू घरबसल्या तारे वाटलेस, आणि पोटच्या पोराला एकही नाही.

आम्ही त्याला घेऊन आलो. माझ्या मागच्या खोलीत आहे. हे पत्र लिहायला त्यानं सांगितलेलं नाही. तो फक्त विचारत होता, बाबांचा गुडघा कसा आहे, हल्ली प्रवासाचं लिहिताना चढाचा उल्लेख टाळतात. म्हणजे सगळं वाचतो तो तुझं. तो पळपुट्यांचा लेखही वाचतो, अजून. तुझा पासवर्ड मीच लावून दिलाय, मनात आणलं तर आत्ता तो लेख पुसून टाकेन. पण माझ्या हातानं पुसून काय होणार? तू पूस, आणि वहिनीला घेऊन निघ. इथं लढाईबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि दारावरची बेल वाजवू नकोस, तो दचकतो. खाली आलास की फोन कर, मी येते दार उघडायला.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी