चौथी 'ब'मध्ये जगातले सगळे धर्म

१० नोव्हेंबर, सोमवार
चौथीला 'जगातील धर्म' हा नवा उपक्रम. बावीस तारखेला मुख्याध्यापिका श्यामलाबाई वर्गात बसून तास बघणार. ज्याचा वर्ग चमकेल तो पर्यवेक्षक. स्पर्धेत 'अ' तुकडीच्या हेमाबाई. म्हणजे स्पर्धा नाहीच.
संकल्प: रोज एक धर्म उरकायचा. प्रश्न शेवटी. शेवटाला वेळ ठेवायचा नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
संस्थापक, ग्रंथ, सण. फळ्यावर लिहिलं, घोकून घेतलं. पोरांना रस फक्त खाण्यात. इस्लामचा अख्खा तास शीरखुर्म्यात बुडाला.
हेमाबाई म्हणे गोष्टी सांगतात. त्यांचा वर्ग हसत होता. धर्म हा काय हसण्याचा विषय आहे?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ज्यू धर्म. शनिवारी विश्रांती, कामाला हात लावायचा नाही, हे सांगितलं. वर्ग चिडीचूप. आवाजात जरब लागते, ती हेमाबाईंकडे कुठून येणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नवा शर्ट घालून बघितला. कोणाचं लग्न आहे, असं हिने विचारलं. दुर्लक्ष केलं. पर्यवेक्षक झाल्यावर हेमाबाईंना सांभाळून घ्यायचं ठरवलं. मन मोठं हवं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळची शाळा
घात! श्यामलाबाई मागच्या बाकावर. मी वह्या काढायला सांगितल्या. एकानेही काढली नाही. सगळे हाताची घडी घालून ढिम्म. तनया नावाची आगाऊ मुलगी उभी राहिली. आज शनिवार, म्हणून आज आम्ही सगळे ज्यू आहोत, असं म्हणाली. उद्या ख्रिस्ती व्हायचं ठरलंय, तेव्हा गृहपाठही होणार नाही म्हणे.
हे यांना कुणी शिकवलं, असं श्यामलाबाईंनी विचारलं. प्रसंगावधान माझ्या रक्तातच आहे. हेमाबाई मधल्या सुट्टीत यांना काहीबाही सांगत असतात, असं ठणकावून सांगितलं. बाईंनी मान डोलावली.
हेमाबाईंचा निकाल लागला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
हेमाबाई पर्यवेक्षक.
मुलांनी धर्म नुसता पाठ केला नाही, पाळून बघितला, असं शिकवणारं माणूस आपण आजवर पाहिलं नव्हतं, असं श्यामलाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. टाळ्या वाजवाव्या लागल्या. नंतर हळूच ऑफिसात जाऊन सांगितलं की मुलांना ते मीच शिकवलं होतं. मग शनिवारी खोटं बोललात का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार? फार लाज वाटली. शाळेची.
वर्गात आलो तर तनयाचा हात वर. खोटं बोललेलं कुठल्या धर्मात चालतं, असं विचारलं.
परीक्षेला येत नाही, असं सांगितलं. बस खाली, असंही.