मयुरीच्या सायकलचं ट्यूबलेस

१ डिसेंबर २००९, मंगळवार
मयुरी आज पुन्हा सायकल ढकलत शाळेतून आली. पुलगाव-नाचणगाव रस्त्यावरचा बाभळीचा काटा. २० तारखेला वर्ध्याला जिल्ह्याची माउंटन बाइक रेस. पहिल्या तिघींत आली तर पोरगी नागपूरला विभागाच्या रेसला जाईल.
निर्णय : सायकल ट्यूबलेस करणे. ट्यूबच नसली तर पंक्चर कशाचं होणार? माझं आयुष्य पाइप-फिटिंगच्या दुकानात गेलं. हवा काय नि पाणी काय, गळती ती गळतीच. मी बसवलेला नळ गळत नाही. घरचा गळतो, पण तो वॉशरचा दोष.

५ डिसेंबर
साडभाऊ धर्मेंद्रनं पुण्याहून ट्रॅव्हल्सनं दोन ट्यूबलेस टायर पाठवले. फोनवर म्हणाला, रिमही ट्यूबलेसचीच लागते, टायर धरून ठेवणारी कड तिला आतून असते. जोडी जुळली पाहिजे म्हणे. मी म्हटलं, टायर सव्वीसचा, रिम सव्वीसची, आता काय पत्रिका जुळवायची? पुण्यात राहून माणूस फार बोलायला शिकतो.

६ डिसेंबर, रविवार
काम सुरू. स्पोकच्या भोकांवर टेफलॉन टेप, वर सिलिकॉन. जुन्या ट्यूब कापून दुकानातले पाइप बांधले, म्हणजे मन मागं फिरायला नको. ज्योत्स्ना म्हणाली, चांगल्या ट्यूबा काऊन कापून राह्यले तुम्ही? बायकोला लांबचं दिसत नाही.

८ डिसेंबर
सकाळी दोन्ही चाकांची हवा गेलेली. घाबरण्याचं कारण नाही. सिलिकॉनला वेळ लागतो. मयुरीनं प्रॅक्टिसचं विचारलं. म्हटलं, तोवर पळ, दम वाढतो. बिचारी पळाली.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
साबणाचं पाणी लावलं. प्रत्येक स्पोकपाशी बुडबुडे. चला, निदान तर झालं.
सिलिकॉनचा आणखी एक थर. मग पेट्रोल पंपावर मशीनची हवा. धाडकन आवाज, टायर रिमच्या बाहेर. पंपावरचा माणूस म्हणाला, भाऊ, पुढच्या टायमाले दुसऱ्या पंपावर जाजो.
ती कडेची गोष्ट धर्मेंद्रनं जोर देऊन सांगायला हवी होती.

१६ डिसेंबर
धर्मेंद्रचा फोन. उचलला नाही.
ज्योत्स्ना म्हणाली, साध्या ट्यूबा टाका ना, पोरीची रेस आहे. म्हटलं, शनिवारी बघू. तिनं हवी का न विचारताच भाजी ताटात आदळली.

१८ डिसेंबर
हवा टिकली! सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हवा जरा कमी ठेवली, एवढंच.
स्वतः चालवून पाहिली. मारुतीच्या देवळापाशी वळलो आणि पुढचा टायर रिम सोडून निघाला. मी रस्त्यावर. कोपर सोलवटलं. घरी सांगितलं, मोरीत घसरलो.
टायर पुन्हा बसवून ठेवला. मी जाडजूड माणूस. मयुरी हलकी. तिच्या वजनाला धरेल.
 

१९ डिसेंबर, शनिवार
ट्यूब घ्यायला पुलगावच्या बाजारात गेलो. सायकलवाला विचारणार, तुमच्या ट्यूबलेसचं काय झालं? कारण सगळ्या बाजाराला मीच सांगून ठेवलंय. समोर चहा घेतला आणि परतलो.
मयुरीनं विचारलं, बाबा, पक्कं ना? म्हटलं, पक्कं.

२० डिसेंबर, रविवार
पहिल्याच वळणावर पुढचा टायर निघाला. मयुरी तोंडावर पडली. बाकीच्या पोरी बाजूनं निघून गेल्या. हनुवटीला टाके.
सायकल खांद्यावर घेऊन ती परत आली. रडली नाही. म्हणाली, मीच वळण चुकीचं घेतलं असन, बाबा. नाही, तुझं चुकलं नाही, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. तेही म्हणालो नाही. मला स्वतःची फार लाज वाटते आहे.

२२ डिसेंबर
ट्यूब आणल्या. सायकलवाल्यानं काहीच विचारलं नाही.
मयुरी अंगणात एकटीच त्या बसवत होती. मी पाना घेऊन शेजारी बसलो आणि शुक्रवारी मीही असाच पडलो होतो, ते सांगून टाकलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा काम सुरू केलं. मी म्हटलं, हवा तरी मी भरून देतो.
भरली, म्हणाली.
पंप ओट्यावर तसाच होता. टायर अजून सपाटच.