विहीणबाईंना सव्वीस, मला सोळा

४ मार्च, सकाळ

काल विहीणबाईंना गाडीने सव्वीस दिले. आज मला सोळा.

नोंद म्हणून सांगते आहे. जळफळाट वगैरे काही नाही, माझा तो स्वभावच नाही.

आधी या रोजनिशीचं. नातवाने फोनात सोय करून दिली आहे. मी बोलायचं, फोनने उतरवून घ्यायचं. मला लिहिता-वाचता येत नाही आणि दुसऱ्या कोणी वाचायचं नाही असं मी बजावलं आहे. म्हणजे हे कोणीच वाचणार नाही. मनातलं बोलायला याहून सुरक्षित जागा घरात नाही.

आता गाडीचं. मुलाने नवीन गाडी घेतली आहे, अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. हायब्रिड. बंद केली की समोरच्या पडद्यावर आकडा येतो, एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावली त्याचा. आकड्याखाली हिरवी पानं. उत्तम चालली तर पाच. मला अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात, जन्मभर बसचे नंबर बघितलेत. आणि पानं तर शेळीलाही कळतात.

काल सूनबाई तिच्या आईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. सव्वीस, पाच पानं. आज मुलगा मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सोळा, एक पान. तेही मला कडेने सुकलेलं दिसलं.

५ मार्च

मुलाने शोरूमला फोन करून झापलं. कंपनी म्हणते अठ्ठावीसचं ॲव्हरेज, मला सोळाच्या वर येत नाही, फसवता का लोकांना? तिकडचा पोरगा म्हणाला, सर, तो आकडा टेस्टिंगच्या खोलीतला, तिथे रस्ता नसतो, सिग्नल नसतो, वारा नसतो. मग हळूच विचारलं, सर, चालवता कसे तुम्ही? मुलगा भडकला. मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, म्हणाला.

अगदी बरोबर. माझा मुलगा गाडी चालवतो की बाण सोडतो! सिग्नल हिरवा होतो तेव्हा हा पुढच्या सिग्नलला पोचलेला असतो. मग तिथे करकचून ब्रेक. मागे बसलेल्या माझी कवळी पुढे येते, पण हात किती सफाईदार.

सूनबाई चालवते ती मांडीवर दुधाचं पातेलं ठेवल्यासारखी. लांब कुठेतरी लाल दिवा दिसला की इथूनच पाय काढून घेते. सायकलवाले पुढे जातात. धाडसच नाही मुलीत.

९ मार्च, संध्याकाळ

नातीला मुलगी झाली! मी पणजी झाले.

विहीणबाईही झाल्या म्हणे. ते ओघाने आलंच.

नातीचं गाव दिवसभराच्या रस्त्यावर. मुलगा आणि सून एप्रिलच्या सुरुवातीला गाडीने जाणार. नातवाची परीक्षा आहे, तो घरी. घरातला लाकडी पाळणा न्यायचा, तो मोडत नाही, म्हणून मागची सीट अर्धी दुमडावी लागणार. उरली एक जागा. आणि पणज्या दोन. राहील तिचा नंबर वर्षअखेरीस, मुलाला पुन्हा रजा मिळेल तेव्हा.

मी म्हटलं, जागा कोणाची हे विचारायला नकोच. मुलगा म्हणाला, बघू.

बघू? त्याच्या बापानेही मला कधी बघू म्हटलं नव्हतं.

१० मार्च

आज विहीणबाई जेवायला होत्या. त्या जवळच राहतात, त्यांच्या मुलाकडे. येतात वरचेवर. येऊ देत, मी मोजत नाही.

सूनबाई मला म्हणते अहो आई. त्यांना म्हणते अगं आई. अहोमध्ये आदर असतो. असेल. अगंमध्ये गळ्यात हात असतो.

पानावरच मी मुत्सद्दीपणा केला. म्हटलं, लांबचा रस्ता, गाडी नवी, तिला सोसेल ती पणजी न्या. महिनाभर आकडे बघू, जिचा आकडा चांगला ती जाणार. न्याय गाडीलाच करू द्या. सगळे हसले. विहीणबाई पाण्याचा पेला हलकेच खाली ठेवून म्हणाल्या, चालेल हो विहीणबाई. त्या सगळं हलकेच ठेवतात. अंगाने छत्रीएवढ्या, तीही मिटलेली.

नातू उठताना कानात म्हणाला, आजी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. त्याला काय कळतंय. मी पद्धतशीर जाणार आहे.

१२ मार्च

पहिला उपाय, वजन. पर्स रिकामी केली. काठी घरी ठेवली, शाल घरी ठेवली, सकाळी काही खाल्लं नाही. मुलाबरोबर रक्त तपासायला गेले. पंधरा.

येताना उपाशीपोटी घेरी आली, म्हणून मुलाने गाडी पळवली. तेरा. हा आकडा धरायचा नाही, आजारपणातला आहे.

१५ मार्च

दुसरा उपाय. नातू म्हणाला एसी पेट्रोल खातो. एसी बंद करायला लावला, चारी काचा खाली. वारा आत शिरला की गाडीला मागून ढकलेल असा माझा हिशोब. ऊन रणरणत होतं. मुलगा म्हणाला, आई, शिजतोय मी, आणि वारा यावा म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. चौदा.

केस असे झाले की वॉचमनने ओळखलं नाही.

वाऱ्याची दिशा चुकली.

१८ मार्च

मुलगा पंपावर पेट्रोलचे पैसे द्यायला गेला तेव्हा हवावाल्याला मी सांगितलं, बाबा, भरपूर भर. तो म्हणाला, आजी, किती? म्हटलं, ट्रकमध्ये भरतोस तेवढी. तो हसला, पण थोडी जास्त भरली. स्पीडब्रेकरवर मुलाचं डोकं छताला लागलं आणि माझं मुलाच्या सीटला. पण आकडा सोळा! मागच्या खेपेपेक्षा दोन जास्त. प्रगती आहे.

संध्याकाळी सूनबाईने हवा कमी करून आणली. कोणी भरली म्हणून विचारलंही नाही. हे तिचं असं असतं.

२१ मार्च

गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मुद्दाम नव्हे, कपडे ओले होते म्हणून. सूनबाई आईला घ्यायला गेली होती, दोघी खाली उतरल्या. विहीणबाई पुढच्या सीटवर. गाडी थांबली तरी दोघींच्या गप्पा थांबेनात. बराच वेळ काचेआड नुसते हात हलत होते. मग सूनबाईने आईचा पट्टा स्वतः सोडवला.

नातवाला खाली पाठवलं आकडा बघायला. सत्तावीस.

गप्पांच्या नादात जोरात चालवायचं विसरतात, म्हणून येतो आकडा. त्यात गाडीचं काय कौतुक? माझा मुलगा कामाचा माणूस, गाडीत त्याचे ऑफिसचे फोन चालू असतात. मी मागे बसून ऐकते. मला त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची नावं माहीत आहेत. त्यांना माझं नसेल.

२४ मार्च, दुपार

आज पेन्शनच्या अंगठ्यासाठी बँकेत जायचं होतं आणि मुलाची मीटिंग निघाली. सूनबाई म्हणाली, अहो आई, मी नेते.

नाही कशाला म्हणू? मी संधी ओळखली. हिचा आकडाही पाडून दाखवायचा, म्हणजे हा आईलेकीचा डंका बंद. भरपूर जेवले. एसी फुल करायला लावला, अंगावर शाल घेतली. येताना बाजारात थांबवून कांदे-बटाट्यांची अख्खी पोती डिकीत टाकायला लावली. घरात कांदे होते. सूनबाई एवढंच म्हणाली, पुरतील ना आई?

तिच्या शेजारी पुढे बसले होते, पहिल्यांदाच. एरवी मी तत्त्व म्हणून मागे बसते, पण आज आकडा जवळून बघायचा होता. गाडी सुटली तर आवाजच नाही. वाटलं बंद पडली. म्हणाली, आत्ता बॅटरीवर आहे, हळू निघालं की पेट्रोल लागतच नाही. लांबूनच पाय काढला की बॅटरी पुन्हा भरते. मी ऐकलं नसल्यासारखं केलं. मध्ये तिने विचारलं, आई, तुम्हाला तुमच्या पहिल्या नातवंडाला घेतलं तेव्हाचं आठवतं का? मी सांगत बसले. घर कधी आलं कळलं नाही.

सव्वीस. पाच पानं.

आधी टाळी वाजवणार होते. मग हात तसाच राहिला. मी तीच. वजन तेच, उलट पोटभर. रस्ते तेच, वर दोन पोती. मग बदललं काय?

मी पट्टा काढला नाही. सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि पडदा विझवला. म्हणाली, उतरताय ना आई?

हिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि आजवर घरात एकदाही, एका शब्दाने बोलली नाही. याचा मला जास्त राग आला.

२५ मार्च

रात्रभर विचार केला. काल सिग्नल सगळे हिरवे होते. शिवाय बटाट्यांनी गाडी जमिनीला नीट धरून राहते. आणि ॲक्सिलरेटरवर पाय जड असणं ही वाईट गोष्ट नव्हे, कर्तबगार माणसाचा पाय जडच पडतो.

निर्णय: कालचा आकडा घरात सांगायचा नाही. सांगितला तर जागेवर मलाही हक्क सांगता येईल, पण पोराचं काय होईल? तो शोरूमशी भांडतोय. त्याच्या सासूच्या कानावर गेलं तर?

२९ मार्च, रात्री

मोठी धावपळ झाली. सूनबाईला ताप. विहीणबाई भेटायला आल्या होत्या, परत सोडायला मुलगा निघाला.

आजवर त्यांना कायम लेकीनेच नेलं-आणलं. आता छत्रीएवढ्या बाईला बसवून हा पंधरा आणणार, आणि त्या चष्मा लावून वाचणार. त्यांना तर अक्षरंही येतात.

म्हटलं, थांब, मलाही पाय मोकळे करायचेत. मुलगा म्हणाला, गाडीत? मी बसलेसुद्धा.

काय चालवली! दोन रिक्षा, एक बस आणि एक पोलीस मागे टाकला. विहीणबाई दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसल्या होत्या, मिटलेली छत्री खुंटीला लटकवावी तशा. त्यांच्या दारात गाडी थांबली. चौदा. पान नाहीच, नुसता देठ.

त्यांनी पर्समधून चष्मा काढला. पडद्याकडे बघितलं. मग जावयाकडे. मग त्याच्या पायाकडे. आणि तोंड उघडलं.

मी आधी बोलले. म्हटलं, बघितलंत विहीणबाई? तुम्ही असूनही चौदाच, मी बसले म्हणून. माझंच वजन. गाडीला मी सोसत नाही. ठरलं होतं तसं तुम्हीच जा बाळाला बघायला.

त्या म्हणाल्या, अहो पण विहीणबाई, हे तर... म्हटलं, ठरलं म्हणजे ठरलं.

येताना मुलगा खुशीत होता. म्हणाला, तरीच! मी म्हणत होतो गाडीत काहीतरी गडबड आहे.

पुढचा लाल दिवा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग ब्रेक लागला.

३ एप्रिल, पहाट

निघाले. पाळणा मागे उशा लावून पक्का केला. मी बाळासाठी दुपटं शिवलं आहे, माझ्या सगळ्यात मऊ साडीचं. विहीणबाईंच्या हातात दिलं आणि सांगितलं, पणजीने दिलं म्हणा. मग लक्षात आलं, कोणत्या पणजीने ते कळायचं नाही. तोपर्यंत काच वर गेली होती.

मुलगा स्टिअरिंगवर ऐटीत बसला होता. गाडी बाणासारखी सुटली. वॉचमनही बाजूला झाला. छाती भरून आली.

आता काळजी एकच. आकडा कमी आला तर सांगायला मी तिथे नाही. विहीणबाईंवर ढकलता येईल. त्यांच्याकडे बॅग मोठी होती.

४ एप्रिल, सकाळ

व्हिडिओ कॉल आला. बाळ गोरंपान, मूठ आवळलेली, कपाळ थेट माझं. विहीणबाईंच्या मांडीवर होतं. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता, त्यामुळे बाळ कमी दिसलं, मांडी जास्त.

मी आधी आकडा विचारला. मुलगा म्हणाला, सत्तावीस!

आनंदाने ओरडलेच मी. नातू अभ्यास सोडून आला. म्हटलं, बघ, मी म्हटलं नव्हतं? माझंच वजन होतं. मी उतरले आणि माझ्या पोराने सत्तावीस काढले!

तिकडे मुलगा हसायला लागला. म्हणाला, अगं आई, मी कुठे चालवली? पहिल्या पंपावरच किल्ली हिला दिली. माझा पाय जड आहे, पेट्रोल पितो, हे काय आज कळलं? शोरूमवाल्यासमोर कोण कबूल करणार! ऑफिसात सगळे चिडवतात मला. ही पुढे, हिची आई शेजारी, दोघींच्या दिवसभर गप्पा. मी मागे पाळण्याला टेकून जो झोपलो, तो इथे येऊन उठलो.

माझ्या जागेवर.

नातू माझ्याकडे बघत होता. म्हटलं, जा, अभ्यास कर.

एवढा लांबचा रस्ता झोपला, ते एक बरं झालं. दमतो बिचारा.