पाडव्याचं ताट

बाबा, काल पाडवा झाला आणि आपल्या घरातलं कोणीही मालकाकडे जेवलं नाही. एवढंच सांगायला लिहायला बसले आहे. बाकीच्यांचं नवं वर्ष गुढीने सुरू व्हायचं, आपलं मालकाच्या ओसरीवरच्या ताटाने. सालगड्याने पाडव्याला तिथे बसून घास घेतला की पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्या घरचा, आणि न जेवता उठला तर मोकळा. कागद नाही, सही नाही. तुम्ही धुतलेला सदरा घालून निघायचात आणि आई देवाजवळ एकच मागायची, यंदाही बसवू देत ताटावर. परत येताना तुमच्या हातात पुरणपोळ्यांची पुरचुंडी दिसली की आम्ही उड्या मारायचो. आपला बाप आणखी एका वर्षासाठी बांधला गेला म्हणून आपण नाचतोय, हे तेव्हा कुठे कळत होतं.

एकदा मात्र मी बोलले. त्याच्या आदल्या साली आई तापाने फणफणली होती. तुम्ही भरदुपारी घाईघाईने आलात आणि उंबऱ्यातूनच तिच्याकडे बघितलंत. ती म्हणाली, "थोडे बसा नं." तुम्ही म्हणालात, "बैलाईले पाणी नाई दाखवलं अजून," आणि गेलात. पुढच्या पाडव्याला, मी सातवीत असेन, तोंड वर करून म्हटलं, "बाबा, यंदा नका जेवू तिथं." तुम्ही पायात चप्पल सरकवत म्हणालात, "मी जेवलो नाई त तू काय खाशीन?" आवाज चढवला नाहीत, पण आईने मला मागे ओढलं.

आता मी सेलूला शाळेत इतिहास शिकवते. मागे एकदा जुन्या साम्राज्यांतल्या गुलामांचा विषय निघाला. खाणीत, शेतात, जहाजाच्या वल्ह्यांवर राबणारी माणसं, बाजारात बैलासारखे दात बघून विकत घेतलेली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, ते पयून काऊन नाई गेले?" मी साखळदंडांचं सांगितलं, अंगावर दिलेल्या डागांचं सांगितलं. मग खडू खाली ठेवला आणि म्हटलं, माझ्या वडिलांना साखळी नव्हती, तरी तेही नाही गेले, कारण मधेच साल सोडलेल्या गड्याला हिंगणीपासून केळझरपर्यंत कोणी कामावर ठेवत नसे. तुमची आणि त्या गुलामांची बरोबरी सरसकट होत नाही, हे मला कळतं. तुम्हाला कोणी विकलं नाही, मालकाने कधी हात उगारला नाही, पोळ्याला नवं धोतरही दिलं. पण मालक चांगला मिळाला हे नशीब म्हणून सांगावं लागतं, तिथेच माझं डोकं फिरतं.

तुमच्यानंतर त्याच ताटावर भाऊ बसला. मी शिकले ती त्याच्या जिवावर. यंदा आम्ही दोघांनी मिळून थोडं वावर बटईने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, कसायला घेतलं आणि ठरवलं, की पाडव्याला त्याने तिकडे फिरकायचंच नाही. मी सणाला माहेरी आले होते. काल सकाळी बघते तर याचं अंथरूण रिकामं. हा शहाणा सवयीने उठून थेट मालकाच्या गोठ्यावर गेला होता, शेण काढायला. एकदा तिथे गेला की मालकीण ताट वाढणार, आणि हा पडला भिडस्त, वाढलेल्या अन्नावरून उठणं त्याला जन्मात जमलेलं नाही. एक वर्ष पुन्हा गेलं, असंच मी धरून चालले. वहिनी सारखी दारात जाऊन येत होती आणि मी पोळ्या करपवत होते. दुपार व्हायला आली तेव्हा तो आला.

"जेवला?" मी विचारलं.

"बैल हंबरून राह्यले होते, त वैरण टाकली," तो म्हणाला. "मंग हात धुतले. ताट वाढेल होतं. मालकीण म्हणे, बस. मी म्हटलं, घरी जेवतो."

"मंग?"

"मंग काय. मालक म्हणे, जाय बाप्पा. आलो."

मी चुलीपुढे बसकणच मारली. इतकं हलकं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. वहिनीने पान वाढलं, तो करपलेल्या पोळ्यांना नावं ठेवत ठेवत भरपेट जेवला, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे नुसत्या बघत बसलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, पाकीटही आणलेलं नाही, म्हणून एक कबूल करते. जेवून भाऊ ओसरीवर गाढ झोपला. आपल्या घरातला बाप्यामाणूस दिवसाढवळ्या आडवा पडलेला मी एकदाच पाहिला होता, तुम्हाला, आणि तेव्हा तुम्ही उठला नाहीत. काल वहिनीची नजर चुकवून मी त्याच्या नाकाशी हात धरून श्वास बघितला. चालू होता. थोड्या वेळाने जाऊन पुन्हा बघितला.