पिवळ्या तोंडाचा मासा

मंगळवार, १४ जानेवारी

ग्लेनिस प्रॉथरोकडून हरलो. हरलो म्हणजे, हाताला अक्षरंच वाईट आली. शिवाय चॅपलच्या हॉलमधला हीटर नेमका माझ्या पाठीशी बंद.

बाई जन्मभर घरं विकत होती. आत काय आहे ते न बघता खपवायची सवय लागलेली, स्क्रॅबलमध्ये शब्दही तसेच खपवते. आज 'स्टिअरिन' लावला. मी अर्थ विचारला. म्हणाली, काय की बाई, गुण मिळाले ना? मेणबत्तीतली चरबी, बाई! त्याच सात अक्षरांचे डझनभर शब्द तिला पोपटासारखे पाठ, आणि एकाचाही पत्ता नाही. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे किती सहन करायचं?

बुधवार, १५ जानेवारी

क्लबचा सेक्रेटरी क्लाइव्ह याचा फोन. हेरफर्डशरविरुद्धच्या सामन्यात आपल्या श्रॉपशर काउंटीच्या पहिल्या पटावर कोण बसणार, ते ४ मार्चला माझ्या आणि ग्लेनिसच्या डावावर ठरवायचं म्हणे. ती खुर्ची अकरा वर्षं माझी आहे. मुलं बाहेर गेली, शाळा सुटली, तेवढी एक उरली आहे.

संकल्प: रोज आठ अक्षरांचा एक संच, त्यातून निघणारे सगळे शब्द, अर्थासह.

गुरुवार, १६ जानेवारी

पहिला संच झाला. ट्रायँगल, इंटिग्रल, रिलेटिंग, ऑल्टरिंग, अलर्टिंग. अक्षरं तीच आठ. आणि या सगळ्यांचा राजा, टेराग्लिन! ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचा मासा, तोंडाच्या आत पिवळा. नाश्त्याला बेरिलला सविस्तर सांगितलं. बायको असून म्हणते, तुझ्या बशीतला मासा आधी खा, गार होतोय.

मंगळवार, २१ जानेवारी

क्लबची वार्षिक सभा. ठराव मांडला: शब्द लावणाऱ्याने अर्थ सांगितलाच पाहिजे. कोणी अनुमोदन दिलं नाही. सगळे एकदम बिस्किटांकडे बघायला लागले. क्लाइव्ह म्हणाला, सूचना फारच विचार करण्यासारखी आहे. म्हणजे निम्मं काम झालं.

आश्चर्य म्हणजे ग्लेनिस जवळ आली. तुमचं म्हणणं पटलं हो, डेन्झिल, आता मी तुम्हालाच अर्थ विचारत जाईन, म्हणाली. उशिरा का होईना, बाईला लाज वाटली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संच अजून एकच. गुडघा. शिवाय शेजाऱ्याचं कुंपण. पण एक नीट येणं हे पन्नास अर्धवट येण्यापेक्षा बरं.

क्लाइव्हने शहाणपणा शिकवला. म्हणे, तुझे घड्याळाचे वांधे होतात, स्वतःच्या पंचवीस मिनिटांच्या पुढे गेलास की मिनिटाला दहा गुण कापीन. ज्याला चहाचं भांडं वेळेवर तापवता येत नाही, त्याने मला वेळ शिकवावी.

मंगळवार, ४ मार्च, सकाळ

आज तिची खोड मोडतो. इस्त्रीचा शर्ट. बेरिल म्हणाली, कमी बोल. मी जिंकणार ही कल्पनाच तिला सोसत नाही.

बुधवार, ५ मार्च

जे झालं ते शांतपणे लिहितो.

ग्लेनिस पुढे होती. माझ्या घड्याळात थोडाच वेळ उरला होता. आणि माझ्या हातात त्या संचातली सात अक्षरं, पटावर आठवा, मोकळा आर! 'रिलेटिंग' लावून मोकळा झालो असतो. पण असला रोजचा शब्द कोणीही लावतो. मी टेराग्लिन लावला. घड्याळ दाबून माझी वेळ थांबवायला हात नेतच होतो, तेवढ्यात ग्लेनिस हनुवटीखाली हात घेऊन म्हणाली, अगबाई, हे काय असतं हो?

इतक्या वर्षांत या क्लबात मला कोणी अर्थ विचारला नव्हता. सांगितला. मासा, किनारा, पिवळं तोंड, सगळं. तिने आणखी विचारलं, खायला कसा लागतो? तेही सांगितलं. बाई बोलत असताना मध्येच घड्याळ दाबणं असभ्य दिसतं. आपल्याकडे तसं करत नाहीत.

तिने शब्दाला आव्हान दिलं नाही, शंकाही घेतली नाही. नुसती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, तुमचं झालं असेल तर दाबता का?

डाव मी आठ गुणांनी जिंकला. मग क्लाइव्हने माझे दहा कापले. घड्याळात दोष असावा, असं लेखी कळवणार आहे.

मंगळवार, ११ मार्च

तक्रार लिहिली नाही. हेरफर्डशरला मी राखीव. राखीव माणसाने चहाचं भांडं उचलायचं असतं.

हॉलमध्ये शिरलो तर ग्लेनिस सगळ्यांना टेराग्लिनचा अर्थ सांगत होती. शब्द न शब्द माझा, फक्त शेवट तिचा. म्हणाली, त्याचं तोंड आतून पिवळं असतं हे कसं कळलं माहितेय? ते मिटतच नाही. म्हणून तर गळाला लागतो.

सगळे हसले. क्लाइव्हच्या तर बिस्किटाचा चुरा झाला. अर्थ चुकीचा आहे, हे मला सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि सगळे आत डोकावून बघायला लागले.

चहाचं भांडं भरायला गेलो.